नऊ तारखेची यादी

खात्री नसलेल्या घड्याळाने तोंड दाखवू नये.

•

एक मोबाइल घड्याळांचे सुटे भाग धुवायच्या यंत्रात पडला. भाग चकचकीत निघाले. मोबाइलही चकचकीत निघाला, पण त्यानंतर तो कोणाशी बोलला नाही.

•

त्रेसष्ट.

•

चहाचा कप अर्धाच भरायचा. हे या घरात कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

•

भर समुद्रात रेंज नसते.

•

दहा वाजून पाच मिनिटांची बस.

•

हे सगळे भाग एकाच घरातले. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या आणि मध्ये इतका उभा जिना, की चढताना माणसाला आपलं वय कळावं. दुकानातल्या टेबलाशी चव्वेचाळीस वर्षं सासरे बसले. आता सून बसते.

सासऱ्यांचे हात कापायला लागले त्याला दोन वर्षं झाली. आधी डावा, मग उजवा, जणू एकाने दुसऱ्याला शिकवलं. सुरुवातीला त्यांनी खापर चिमट्यावर फोडलं. एकामागून एक तीन नवे चिमटे आणले. मग एके दुपारी एका बाईंच्या नाजूक घड्याळातलं केसाएवढ्या स्प्रिंगचं चाक त्यांच्या चिमट्यातून निसटलं आणि स्प्रिंगचा गुंता झाला. सासरे उठले, डोळ्याचं भिंग सुनेच्या हातावर ठेवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. बोटही कापत होतं. म्हणाले, "बस."

ती बसली. तेव्हापासून हात तिचे आणि तोंड त्यांचं. ते मागे उभे राहतात, दोन्ही हात खिशात घालून, आणि सांगतात. "श्वास रोखू नकोस, रोखलास की हात थरथरतो." "घाई कोणाला आहे? घड्याळाला तर नाही." सुनेला वाटायचं, या माणसाचं डोकं अजून अचूक चालतंय, नुसते काटे थरथरताहेत. काहीतरी उपाय असणारच.

उपाय होता. हातांची असली थरथर थांबवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई वर्षातून दोनदा मोठ्या दवाखान्यात येत. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, जहाजावर स्वयंपाकी आहे. बोटीवर जायच्या आधी त्याने दवाखान्याच्या साइटवर वडिलांचं नाव घातलं, पासवर्ड ठेवला, तो संगणकालाच लक्षात ठेवायला सांगितला आणि निघून गेला. नंबर मिळाला त्रेसष्ट. सोबत एक सूचनापत्रक आलं. त्यातला मजकूर असा होता की वाचणाऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं: फोन करू नये. निरोप पाठवला जाणार नाही. यादी रोज सकाळी बदलते, ती पाहावी. नंबर आल्यावर मुदतीत 'येतो' असं कळवावं. न कळवल्यास नंबर यादीच्या शेवटी जाईल.

यादीच्या शेवटी म्हणजे सहाशेच्या पुढे. सुनेने एकदा अंदाज बांधला होता. तीन वर्षं. तीन वर्षांनी सासरे सत्त्याहत्तरचे होणार होते, आणि डॉक्टरीणबाई पंच्याहत्तरीनंतर फारसं कोणाला घेत नाहीत असं ऐकिवात होतं.

म्हणून रोज सकाळी साडेनऊला ती संगणक लावायची, यादी उघडायची, मग सुट्या भागांची मागणी वगैरे पाठवायची, आणि अकराच्या सुमाराला भिंतीवरचं बटणही बंद करून टाकायची. दीड तास. त्याहून जास्त त्या संगणकाला कोणी जागं ठेवत नसे.

"काय म्हणते यादी?"

"एकावन्नपर्यंत बोलावलंय."

"कालही एकावन्नच होते."

"हो ना."

"चांगलं आहे. बाई घाई करत नाहीत म्हणजे काम नीट करत असणार."

असं एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पंधरा दिवस चाललं. सून यादीवरचं ते गोल बाणाचं चिन्ह दाबायची. पान क्षणभर पांढरं व्हायचं, आणि पुन्हा एकावन्न. मोबाइलवर पाहावं तर मोबाइल धुतलेला. त्यातलं कार्ड काढून तिने बटणांच्या जुन्या फोनमध्ये घातलं होतं, आणि तो फोन फोनशिवाय दुसरं काही जाणत नव्हता.

•

चोवीस तारखेला दहाला तीन मिनिटं कमी असताना ड्रायव्हरबाई आत आल्या. समोरच्या थांब्यावरची बस त्यांची. हातात घड्याळ, पट्टा एका बाजूने लोंबत असलेला.

"ताई, पिन गेली बघा. लवकर बसवा, मला आठ मिनिटं आहेत."

"आठ मिनिटांत पिन बसते. गप्पा बसत नाहीत."

"गप्पा मी उभ्यानेच मारते. आज खुशीत आहे मी. भावाचा नंबर लागला!"

"कसला?"

"हात कापतात हो त्याचे. सुतारकाम करायचा, आता खिळा कुठे आणि हातोडा कुठे. त्या डॉक्टरीणबाई येतात ना, त्यांच्याकडे. परवा यादीत नाव आलं. सत्तरावा नंबर."

सुनेच्या बोटांतली स्प्रिंगची पिन टणकन उडाली आणि कपाटाखाली गेली.

"किती म्हणालात?"

"सत्तर. पिन कुठे गेली?"

सुनेने दुसरी पिन बसवली. हात स्थिर होता. तोंडही बंद होतं, कारण उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची तिला खात्री नव्हती. ड्रायव्हरबाई "देव भलं करो तुमचं" म्हणून धावत गेल्या आणि बस निघून गेली.

मग तोंड उघडलं.

"बाबा! खाली या!"

सासरे जिना उतरेपर्यंत तिचं अर्धं बोलून झालं होतं. "आपण त्रेसष्टवर बसलोय देवासारखे आणि सत्तर आत गेले! वशिला, दुसरं काय? बसमध्ये रोज कोण कोण चढतं, दवाखान्यातलं कोणीतरी ओळखीचं असणार. आणि वर देव भलं करो म्हणे! आमचं भलं करायला जागा ठेवलीत का तुम्ही? मी मूर्ख, पिन बसवून दिली. वाकडी बसवायला हवी होती."

"वाकडी बसवलीस?"

"नाही."

"मग ठीक आहे." सासरे स्टुलावर बसले, हात खिशात. "दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असली, तर पहिला प्रश्न कोणता?"

"बाबा, ही शिकवणीची वेळ आहे का?"

"कोणता?"

ती चिडूनच म्हणाली, "हे पुढे गेलंय की ते मागे पडलंय."

"तू मघापासून एकच विचारते आहेस. त्या पुढे कशा गेल्या. दुसरं विचार ना."

तिने मान वळवली. संगणकाच्या पडद्यावर एकावन्न तसाच होता, निर्लज्जासारखा.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एक बोटभर तुकडा होता. तो सासऱ्यांनी लावला होता. या दुकानाची जुनी पद्धत अशी, की दुरुस्तीला आलेलं घड्याळ जोवर आठ दिवस लंबकाच्या मोठ्या घड्याळाबरोबर चालून दाखवत नाही, तोवर त्याच्या तबकडीवर कागद. चुकीची वेळ पाहून कोणाची गाडी चुकायला नको. जुना संगणक घरात आला तेव्हा त्याचं घड्याळ चार मिनिटं चुकीचं होतं. सासऱ्यांनी ते सुधारलं, बाहेरून वेळ आणण्याची त्याची सोय बंद केली ("आपल्या घरात वेळ बाहेरून मागवत नाहीत") आणि वर पट्टी लावून टाकली. त्याला आठ दिवस चालवून बघायचं मात्र राहून गेलं. बघायचं तरी का? वेळ पाहायला दुकानात शंभर घड्याळं होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सुनेने नखाने पट्टी सोलली.

सकाळचे सात पन्नास. तारीख दहा.

भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तारीख चोवीस.

"बाबा," ती म्हणाली, "हे चौदा दिवस मागे आहे."

सासऱ्यांचा चेहरा असा झाला, की चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं घड्याळ परत आणून दिलं असावं. पण कारागीर तो कारागीर. लगेच त्यांनी गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न विचारला.

"चालताना मागे पडतं की पडून असताना?"

दोघांनी पाच मिनिटं संगणकाचे आकडे आणि लंबक यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. एका सेकंदाचा फरक नाही.

"चालताना नाही," सून म्हणाली. "पडून असताना. मी बटण बंद केलं की हे झोपतं, आणि उठलं की त्याला वाटतं आपण आत्ताच डोळा मिटला होता."

"म्हणजे रोज दीडच तास जगतं."

"हो."

"सुखी आहे."

•

समोरचा झेरॉक्सवाला तेवढ्यात तिच्या सूचनापत्रकाची प्रत द्यायला आला. तिने त्याला पडद्यावरचा अडकलेला एकावन्न दाखवला. त्याला यातलं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते बरंचसं खरं होतं.

"वहिनी, साधी गोष्ट आहे. ब्राउझर एकदा आणलेलं पान जपून ठेवतो. पुन्हा कोण जाणार आणायला? आळशी असतो तो. सगळं उडवून टाका. मी दिवसातून दोनदा उडवतो."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. जुनी पानं, चित्रं, पासवर्ड..."

"पासवर्ड?" सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "पासवर्ड याच्याच पोटात आहे रे! ह्यांनी ठेवलाय. आम्हाला कोणाला माहीत नाही."

"मग दादांना विचारा."

"दादा समुद्रात आहेत. पुढचं बंदर नऊ दिवसांनी."

झेरॉक्सवाल्याने माउसवरचा हात असा उचलला, जणू तो तापलेला होता.

सासरे म्हणाले, "घड्याळात घाण आहे म्हणून कोणी स्प्रिंग काढून फेकतं का? आधी मला सांग, हे जपून ठेवलेलं पान तो कधीपर्यंत ताजं समजतो?"

"ते पानावरच लिहिलेलं असतं काका. कोणावर तासभर, कोणावर आठवडा. ही यादी रोज बदलते ना, हिच्यावर एक दिवस लिहिलं असेल."

"कोणाचा एक दिवस?"

झेरॉक्सवाल्याने डोकं खाजवलं.

सुनेला मात्र समजलं. ब्राउझरने ही यादी नऊ तारखेला आणली होती. त्याच्या घड्याळात अजून चोवीस तास झालेच नव्हते. पंधरा सकाळी, दीड दीड तास, म्हणजे साडेबावीस. बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ती यादी कालचीच होती. आणखी दीड तास चालला असता, तर त्याने आपण होऊन नवी आणली असती. पण तो दीड तास उद्या सकाळी यायचा होता.

या घरात चिठ्ठी लिहिल्याशिवाय कुठलीही वस्तू उघडत नाहीत. "संगणकाची कसली चिठ्ठी, वहिनी?" असं झेरॉक्सवाला म्हणाला, पण सासऱ्यांनी पाहिलं आणि त्याने कागद पुढे सरकवला. सुनेने लिहिली:

वस्तू: संगणक, टेबलावरचा.
तक्रार: जुनी पानं दाखवतो.
किती मागे: चौदा दिवस, अडीच तास.
चालताना / पडून असताना: पडून असताना.
कारण: बहुधा सेल.

सेल! झेरॉक्सवाल्याने कपाळाला हात लावला. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवायला आत एक नाण्यासारखा सेल असतो, हे तोच तिला पूर्वी कधीतरी म्हणाला होता. तो सेल संपला होता. आणि कुठे? जिथे सगळी आळी घड्याळाचे सेल बदलायला येते, तिथे.

तिने वायर काढली, चार स्क्रू सोडले, बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ, आणि धुळीत चकाकणारा तो. टेस्टरवर ठेवला तर काटा हललासुद्धा नाही. तिने तिसरा खण उघडला. त्याच मापाचे एकोणीस सेल तिथे ओळीने झोपलेले.

"हळू," सासरे मागून म्हणाले. "खाच आधी दाबायची. जोर नको."

"बाबा, हे मला येतं."

"मला माहीत आहे. मला बोलल्याशिवाय राहवत नाही."

सेल बसला. संगणक सुरू झाला. सासऱ्यांनी लंबकाकडे पाहत सेकंद मोजले आणि बरोबर पूर्ण मिनिटाला "आता" म्हणाले, तेव्हा तिने वेळ आणि तारीख घातली. मग झेरॉक्सवाल्याने साफसफाईची चौकट उघडून दिली. चौकटीत बऱ्याच खुणा होत्या. सुनेने एकेक ओळ बोट ठेवून, मोठ्याने वाचली. 'पासवर्ड'समोरची खूण काढली. 'साठवलेली चित्रे आणि फाइल' एवढीच ठेवली. ते बटण दाबताना तिला सासऱ्यांचं वाक्य आठवलं आणि तिने श्वास रोखला नाही.

मग यादी उघडली. पासवर्डच्या जागी काळे ठिपके आपणहून येऊन बसले. पान थोडा वेळ पांढरं राहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

आतापर्यंत बोलावलेले: चौऱ्याहत्तर.

त्याखाली, तांबड्या अक्षरांत: त्रेसष्ट. आपणांस बोलावले आहे. कळवण्याची मुदत: आज दुपारी बारापर्यंत.

अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. शंभर घड्याळं एकसाथ तेच सांगत होती.

"दाब," सासरे म्हणाले.

"तुम्ही दाबा. नंबर तुमचा आहे."

"माझा हात..."

"म्हणून तर."

सासऱ्यांनी खिशातून हात काढला. दुकानात, परक्या माणसासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावरचा बाण इकडे तिकडे भटकला, 'येत नाही'च्या अगदी जवळून गेला, तेव्हा झेरॉक्सवाल्याने डोळे मिटले. सून मात्र मागे उभी राहिली, आपले हात आपल्या पाठीमागे धरून. ती म्हणाली, "घाई कोणाला आहे?"

बाण 'येतो'वर पोचला. बोट थरथरलं आणि एकदा दाबायचं ते तीनदा दाबलं गेलं.

पडद्यावर आलं: आपले उत्तर नोंदवले आहे. तारीख तीन, सकाळी दहा. आणि त्याखाली: आपले उत्तर यापूर्वीच नोंदवलेले आहे. आणि पुन्हा: आपले उत्तर यापूर्वीच नोंदवलेले आहे.

"समजलं रे बाबा, समजलं," सासरे संगणकाला म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते काम बराच वेळ चाललं.

झेरॉक्सवाल्याने त्या पानाची प्रत काढून आणली. एक मागितली होती, त्याने चार आणल्या. न जाणो.

•

एक वाजून पाच मिनिटांची बस आली तेव्हा सून थांब्यावर उभी होती. ड्रायव्हरबाईंनी खिडकीतून मान काढली.

"काय ताई, पिन परत हवी का?"

"नाही हो. थँक्यू म्हणायला आले."

"पिन तुम्ही बसवलीत आणि थँक्यू मला?"

सुनेने सगळं सांगितलं, एका दमात. यादी, सेल, बाराची मुदत. मागे कोणीतरी "चला की" म्हणालं. ड्रायव्हरबाईंनी मागे न पाहताच हात वर केला, आणि तो कोणीतरी गप्प बसला.

"तुम्ही सत्तर म्हणाला नसतात तर मला उद्यापर्यंत कळलं नसतं. आणि उद्या कळून उपयोग नव्हता." सुनेने खिडकीची कड धरली. "आणि एक सांगते. सकाळी मी तुम्हाला फार बोलले. तुम्ही गेल्यावर. वशिला म्हणाले, काय काय म्हणाले."

"अहो, मला रोज चाळीस जण शिव्या घालतात. ते निदान तिकीट काढून घालतात." ड्रायव्हरबाई हसल्या. मग हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, "तारीख कुठली मिळाली?"

"तीन."

"आमचीही तीनच. माझी सुट्टी आहे त्या दिवशी. एकत्रच जाऊ. भाऊ माझा घाबरट आहे, कोणी मोठं माणूस बरोबर असलं तर बरं." त्यांनी दुकानाकडे पाहिलं. दारात सासरे उभे होते. त्यांनी हात वर केला होता, आणि तो हलवायची गरज नव्हती, तो आपोआपच हलत होता. ड्रायव्हरबाईंनीही हात हलवला. "बाबांना सांगा, मी बस चालवत नाही तेव्हा फार हळू चालते."

बस गेली. सून थोडा वेळ तिथेच उभी राहिली. ज्या बाईचं नावही आपल्याला माहीत नाही, जिला तासभर आपण पाण्यात पाहिलं, तिने जाता जाता एक आकडा टाकला आणि घरातल्या माणसाची तीन वर्षं वाचली. असलं देणं कसं फेडतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने ठरवलं, तीन तारखेला त्या सुतारभावाच्या शेजारी आपण बसायचं, आणि तो घाबरला की त्याला घड्याळं कशी उघडतात ते सांगत राहायचं, आत बोलावेपर्यंत.

ती परतली. सासऱ्यांनी चहा टाकला होता, स्वतः. अर्धा बशीत सांडला होता, तरी कपात पुरेसा होता.

लग्नाच्या आधी सुनेने कधीही घड्याळ वापरलं नव्हतं. आता तिने दुरुस्त केलेली घड्याळं पाहून लोक आपली गाडी गाठत होते.